गुडघाभर उंचीचा दोरा

जरा माझ्याबरोबर कल्पना कर. तुझं वय दहा वर्षं. सुरतेत भेस्तानला एका गल्लीत तुमची एकच खोली आहे. गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने आहेत आणि त्यांची खटाखट रात्रंदिवस चालू असते. इतकी, की आता तुला ती ऐकूही येत नाही. खोलीत एक लोखंडी खाट आहे. खाटेवर एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे. तो झोपलेला नाही, जागाच आहे. तो तुझा बाप आहे. आणि त्याला हात लावायचा नाही, असा घरात नियम आहे.

एवढं डोळ्यांपुढे आलं असेल, तर पुढचं सांगतो. हे १९९५ सालातलं आहे. तू जिच्या जागी आहेस त्या मुलीचं नाव हर्षदा. तिच्या वडिलांचं नाव निंबा, पण ती त्यांना आबा म्हणायची. आई मंगलाबाई. मूळचे हे लोक खानदेशातले, पारोळ्याकडचे. सुरतेत येऊन चार वर्षं झाली होती, पण घरात बोलायचे ते अहिराणीच.

आबा आधी फौजेत होते. हर्षदा दोन-तीन वर्षांची असताना आपले जवान समुद्रापलीकडे, श्रीलंकेत पाठवले होते. तिथे दोन गटांचं भांडण पेटलं होतं, ते थांबवायला हे गेले, आणि त्यांनाच लढावं लागलं. तिथल्या जंगलात एक सुरुंग फुटला. आबांच्या कमरेत लोखंडाचे तुकडे शिरले. डॉक्टरांनी ते काढले, जखम भरली, वर गुळगुळीत कातडी आली. फौजेने त्यांना घरी पाठवलं. पण कंबर दुखायची थांबली नाही. बसलं तरी दुखायची, उभं राहिलं तरी दुखायची, म्हणून ते पडून राहू लागले. पडून राहून पाय काटकीसारखे झाले. मग तर दोन पावलं टाकली तरी दुखू लागलं.

आणखी एक गोष्ट होती, ती दिसायची नाही. मागांच्या खटाखटीचा आबांना काही त्रास नव्हता. त्रास व्हायचा तो शांततेचा. आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असे आणि सगळे माग एकदम थांबत. गल्लीतली माणसं त्या दिवशी आंघोळी करत, पत्ते खेळत, पोरांना फिरायला नेत. आबा मात्र त्या दिवशी खाटेवर उठून बसत आणि दाराकडे बघत राहत. जंगलात पाखरं गप्प झाली की पुढे काय होतं, हे त्यांच्या अंगाला पाठ झालेलं होतं. तुला पाढे कसे पाठ असतात, सात सक म्हटलं की बेचाळीस आपोआप तोंडात येतं, तसं. म्हणून ते वेडे होते असं समजू नकोस. जिवाच्या भीतीने शिकलेला धडा होता तो, एकदाच शिकलेला, पण पुसला जात नव्हता.

घरातला नियम भाद्रपदात झाला. दुपारची वेळ होती. मंगलाबाई बाहेर साड्यांचे धागे कापत बसली होती. कारखान्यातून साड्यांचे गठ्ठे घरी येत आणि मागच्या बाजूला लोंबणारे धागे बायका घरी बसून कापून देत, ते काम. चहा झाला होता, म्हणून हर्षदाने आबांना उठवायला त्यांच्या पायाला हात लावला. पुढच्या क्षणी ती खाली होती आणि आबांचा हात तिच्या गळ्यावर होता. डोळे उघडे होते, पण ते तिला बघत नव्हते. मंगलाबाईने धावत येऊन हातातल्या कातरीच्या मुठीने त्यांच्या मनगटावर मारलं, तेव्हा तो हात सुटला.

आबा खूप वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, आजपासून मला कोणी हात लावायचा नाही. दारात उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं, मी हूं म्हटलं की मगच आत यायचं. त्या दिवसापासून मायलेकी दाराबाहेरच्या पडवीत निजू लागल्या, चूलही तिथेच आली. हर्षदाच्या गळ्यावर चार दिवस निळे डाग होते. ती शाळेत रुमाल बांधून गेली. बाईंनी विचारलं तेव्हा घसा धरलाय म्हणाली.

त्या आठवड्यात मंगलाबाई आबांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मुलगीही बरोबर होती. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक चंचलबेन होत्या, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी आबांना खाली वाकायला लावलं, पाय उचलायला लावले, जुने कागद वाचले, आणि गुजराती मिसळलेल्या हिंदीत सांगितलं की जखम भरली आहे, पण दुखणं खोटं नाही. कमरेने दुखायची सवय लावून घेतली आहे आणि मनाने भ्यायची. या दोन्ही सवयी एकमेकींना जागं ठेवतात. औषध देते, पण निम्मं औषध तुझ्या पायात आहे.

"किती चालतोस?" त्यांनी विचारलं.

"अंगावर वीस किलो घेऊन तीस किलोमीटर चाललोय," आबा म्हणाले.

"ते तेव्हा. आज किती?"

हर्षदाने सांगितलं, "चार खांब. मग बसतात."

त्यांच्या गल्लीच्या तोंडापासून नहरीपर्यंत, म्हणजे कालव्यापर्यंत, रस्त्याच्या कडेला विजेचे तेरा खांब होते. तेराव्या खांबापाशी नहरीचा कठडा होता. चंचलबेन म्हणाल्या, चार होतात ना, मग तीनच चालायचं. रोज तीन. दर सोमवारी एक खांब वाढवायचा. आणि एक वाक्य त्यांनी मुलीकडून तीनदा म्हणवून घेतलं: "सारा दिवसे वधारे नहीं, खराब दिवसे बंध नहीं." म्हणजे बरं वाटेल त्या दिवशी जास्त चालायचं नाही, आणि वाईट असेल त्या दिवशी चालणं बंद ठेवायचं नाही. शिवाय घरी पाठीवर निजून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा आणि श्वास आकडे मोजत हळूहळू सोडायचा.

परत येताना आबा रिक्षात म्हणाले, आता मी खांब मोजू? रंगरूट पोरांनाही कोणी असं चालवत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हर्षदा दारात उभी राहिली. "आबा, मी हर्षदा." आतून बराच वेळ काही आलं नाही. मग हूं आलं.

तीन खांब. ती पाण्याची बाटली घेऊन शेजारून चालायची आणि प्रत्येक खांबाशी मोठ्याने आकडा म्हणायची. आबा नेहमी तिच्या अर्धं पाऊल पुढे असत. तिला पुढे जाऊ देत नसत. कारखान्यातून रात्रपाळी करून निघालेली माणसं त्यांना बघत. त्यांच्यात भाईदास नावाचा एक माग चालवणारा होता, त्यांच्याच गल्लीतला, थट्टेखोर. तो रोज हाक मारायचा, "काय मेजर, आज कोनती बॉर्डर?" आबा कधी मेजर नव्हते, साधे शिपाई होते. पहिले पंधरा दिवस त्यांनी मान वळवली नाही. नंतर एकदा म्हणाले, "पाच नंबरना खांब." भाईदास हसला आणि त्या दिवसापासून त्याच्या हाकेतला खवचटपणा थोडा कमी झाला.

सगळं सरळ चढत गेलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. दिवाळीत एका सकाळी आबांना फार हलकं वाटलं. तेव्हा त्यांची मजल आठ खांबांची होती. हर्षदाला चंचलबेनचं वाक्य पाठ होतं, पण तिलाच नहर गाठायची घाई झाली होती. आठव्या खांबाशी तिने आकडा म्हटलाच नाही. दोघं बोलत बोलत बारापर्यंत गेले. परत येताना आबांना हातगाडीवर घालून आणावं लागलं. नऊ दिवस ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले, फटाके वाजले की उशी डोक्यावर दाबत. दहाव्या दिवशी पुन्हा चारपासून सुरुवात. आता प्रत्येक खांबाशी हर्षदा न चुकता आकडा म्हणायची.

पण जे झालं तेही सांगितलं पाहिजे. डिसेंबरात आबा स्वतः उठून पाणी भरू लागले. दुपारची झोप लागू लागली. मागांच्या सुट्टीच्या दिवशी ते अजूनही दाराकडे बघत, पण श्वास मोजत बघत. आणि एका सकाळी, दहाव्या खांबापाशी टेकले असताना, न विचारता बोलले.

म्हणाले, दगा म्हणून एक जण होता. आपल्या तिकडचाच, अमळनेरचा. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खायचा आणि रडायचा आणि पुन्हा खायचा. त्या दिवशी पुढे चालायची पाळी माझी होती. माझ्या बुटाची नाडी सुटली, मी वाकलो, तो पुढे गेला. दोन ताडांच्या मधे सुरुंगाची तार होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर. जिथे आपल्या लोकांनी रस्ता तपासलेला असतो तिथे लाल चिंध्या बांधलेल्या असतात. चिंधी दिसली की माणूस निर्धास्त असतो, काय कुठे आहे ते कळतं. तिथे काही खूण नव्हती.

एवढं सांगून ते उठले. हर्षदाने अकरावा खांब आला तेव्हा आकडा म्हटला, नेहमीपेक्षा हळू.

जानेवारी लागला. सुरतेत संक्रांत म्हणजे उत्तरायण, आणि उत्तरायण म्हणजे पतंग. पंधरा दिवस आधीपासून रस्त्यारस्त्यावर मांजा तयार होतो. दोन खांबांच्या मधे दोरा ताणतात, काचेची पूड, भात आणि गुलाबी रंग यांचा लगदा हातात घेतात आणि दोऱ्यावरून हात फिरवत या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालतात. जुने मांजावाले दोरा छातीएवढा उंच बांधतात आणि पहिली गोष्ट म्हणजे त्यावर एक फडकं अडकवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. भाईदासने त्या वर्षी पहिल्यांदाच हा धंदा करून बघायचं ठरवलं. त्याचा सारा जन्म मागावर गेलेला. मागाचे धागे उभ्या माणसाच्या कमरेखाली असतात आणि तिथे त्यांच्यात कोणी फडकं अडकवत नाही. त्याच्या हाताला जी उंची माहीत होती, त्या उंचीवर त्याने दोरा बांधला: एक टोक पाचव्या खांबाला, दुसरं रस्त्यापलीकडच्या हातपंपाला. आणि लगदा आणायला घरात गेला.

तो मागांच्या सुट्टीचा दिवस होता. गल्ली गप्प होती. धुकं होतं. आबा आणि हर्षदा चौथा खांब ओलांडून येत होते. दोरा अजून पांढराच होता.

तो आबांना दोन पावलांवर आल्यावर दिसला, गुडघ्यापाशी ताणलेला. "नीचे!" असा आवाज त्यांच्या तोंडून निघाला, तो हर्षदाने कधी ऐकला नव्हता. तिचं कपाळ खडीवर आपटलं. वरून आबांचं सगळं अंग तिच्यावर पडलं. त्यांच्या छातीखाली तिला फक्त त्यांच्या काळजाची धडधड ऐकू येत होती. तिने हलायचा प्रयत्न केला की ते आणखी दाबत. अशी किती मिनिटं गेली हे तिला सांगता आलं नाही. माणसं जमली. भाईदास लगद्याची बादली घेऊन आला आणि हसत म्हणाला, "मेजर, दोरा शे तो, बॉम नही."

मग त्याने आबांचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसणं तिथेच थांबलं.

आबा उठले तेव्हा त्यांची पँट ओली झालेली होती. पोरंटोरं उभी होती, सगळ्यांना दिसत होतं. हर्षदाच्या भुवईवरून रक्त गळत होतं. तिने जमिनीवर पडलेली बाटली उचलली, तिचं झाकण काढलं आणि सगळं पाणी आबांच्या पँटीवर आणि आपल्या फ्रॉकवर सांडलं. "बाटली फुटली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

तिच्या कपाळाला तीन टाके पडले.

आबांनी पुन्हा भिंत धरली. जेवण नाही, गुडघे छातीशी घेणं नाही. हर्षदा सकाळी दारात उभी राहून नाव सांगायची, आतून हूं यायचं नाही. नियम होता, म्हणून ती आत जायची नाही. तिसऱ्या दिवशी ते मंगलाबाईशी बोलले. "माले गावले धाडी दे. आज तिनं डोकं फुटनं, उद्या काय व्हई?"

मंगलाबाई हट्टी बाई होती, पण रात्रीची जागरणं आणि धागे आणि टाके यांनी तिलाही दमवलं होतं. गावी आबांचे थोरले भाऊ हिलाल होते. त्यांच्या गोठ्याशेजारी एक अंधारी खोली रिकामी होती. तिथे कोणी त्यांना चालवणार नव्हतं, कोणी आकडे म्हणणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्या खोलीत गेलेला माणूस खाटेवरून थेट खांद्यावरच बाहेर येईल, असं ती शेजारणीला म्हणाली, ते हर्षदाने ऐकलं. तरीही मंगलाबाईने निरोप पाठवला. हिलालकाका संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने त्यांना न्यायला येणार होते.

ते यायच्या आदल्या संध्याकाळी मंगलाबाईने पिशवी भरली. दोन शर्ट, गोळ्या, फौजेची घोंगडी. पिशवी बांधताना ती खाटेकडे न बघता म्हणाली, "उद्या सकाळी एकदा, स्वतःच्या पायांनी, हा उंबरा ओलांडा. मी भाऊजींना चहा पाजून परत धाडते. नाही ओलांडलात तर मी काही बोलणार नाही."



हर्षदा त्या रात्री लवकर निजली आणि पहाटे पाचला उठली. घरात चिंध्यांची कमी नव्हती. साड्यांच्या कडेचे खराब तुकडे मंगलाबाई एका पोत्यात टाकायची. हर्षदाने त्यातले लाल तेवढे निवडले. गठ्ठ्यांना बांधून येणारी सुतळी तिने त्याच पोत्यामागे साठवलेली होती, ती घेतली, आणि भाईदासच्या दाराशी गेली.

आज कुठे कुठे दोरा बांधणार, तिने विचारलं. भाईदासने ओठ चावला. संक्रांतीच्या आधीचा शेवटचा दिवस होता, सगळ्यांनाच बांधायचा होता: त्यालाही, पुढच्या दोघा मांजावाल्यांनाही. तिसऱ्या खांबापासून नवव्यापर्यंत. तू दोऱ्याला गाठी मारल्यास तर माल वाया जाईल, तो म्हणाला. दोऱ्याला हात लावणार नाही, ती म्हणाली. दोऱ्याखाली सुतळी बांधीन आणि सुतळीला चिंध्या. भाईदास थोडा वेळ तिच्या टाक्यांकडे बघत राहिला. मग त्याने आत जाऊन स्टूल आणलं, कारण दोरे आता तो छातीएवढे उंच बांधत होता आणि तिचा हात तिथे नीट पुरला नसता. सुतळी दोघांनी ताणली. गाठी तिने मारल्या. सात खांबांच्या मधे, हातभर अंतरावर एक लाल चिंधी, अशा त्या चिंध्या लागल्या. उजाडलं तेव्हा तिची बोटं दोऱ्याच्या काचेने चिरलेली होती, कारण काही खांबांवर काल माखलेले दोरे वाळत होते आणि अंधारात कुठे कुठे हात लागलाच होता.

ती परत आली. मंगलाबाई चुलीपाशी बसून होती, पिशवी तिच्या बाजूला. हर्षदा दारात उभी राहिली.

"आबा, मी हर्षदा."

काही नाही.

"आबा, सगळीकडे खुणा बांध्यात. लाल. तीन नंबरपासून नऊ नंबरपर्यंत. मी मोज्या."

खाट किंचित करकरली.

मग ती जे बोलली ते इतके दिवस तिच्या मनात होतं. ती म्हणाली, "तुम्ही माले ढकलं नही आबा. तुम्ही माले झाकं."

आता इथे थोडं थांब. तुला वाटेल, एवढं ऐकून माणूस ताडकन उठेल. तसं होत नाही. आबांना कुशीवर वळायला वेळ लागला. उठून बसायला त्याहून जास्त. इतके दिवस पडून कंबर पुन्हा लाकडासारखी झाली होती. त्यांनी पाय खाली सोडले आणि श्वास सोडत मोजू लागले, चंचलबेनने शिकवलं होतं तसं, ओठांतल्या ओठांत. दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. चप्पल घालताना त्यांचा चेहरा घामाने भिजला. भिंत धरत ते दारापर्यंत आले आणि चौकटीला हात टेकून उभे राहिले. मंगलाबाई उठली नाही. तिने फक्त पिशवी पायाने चुलीमागे सरकवली.

दारातून रस्ता दिसत होता. धुक्यात लाल चिंध्यांची रांग दिसत होती, वाऱ्याने हलणारी, दूरपर्यंत. आबा त्या रांगेकडे बघत राहिले. एक पाय त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवला. मग बराच वेळाने दुसरा. आणि तिथे ते अडकले. ना पुढे, ना मागे.

हर्षदा हात धरायला पुढे झाली नाही. बाटली तिने काखेत घेतली. रोज तिला अर्धं पाऊल मागे ठेवलं जायचं, आज ती त्यांच्या पुढून चालू लागली. पहिल्या खांबाशी पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही. रक्ताळलेला तळवा खांबावर टेकवून ती रोजच्यासारखी मोठ्याने म्हणाली, "एक." आणि मागून चपलांचा आवाज येईपर्यंत तशीच, पाठमोरी, उभी राहिली.